बचाव, आक्रमण आणि रहीमसाहेब

१५ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये भारताचा फुटबॉल संघ युगोस्लाव्हियाविरुद्ध मैदानात उतरला. भारत त्या वेळी आशियाई विजेता होता. वर्षभरापूर्वीच दिल्लीत भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याने सुवर्णपदक पटकावले होते. मात्र फिनलंडच्या थंडीत बहुतेक अनवाणी खेळणाऱ्या या संघाचे पहिल्या अर्ध्या तासातच काही चालेनासे झाले. मध्यंतराला युगोस्लाव्हिया ५-० असा पुढे होता आणि सामना संपला तेव्हा धावफलकावर १०-१ हे आकडे होते. युगोस्लाव्हियाच्या ब्रांको झेबेकने एकट्याने चार गोल केले. भारताचा एकमेव गोल अहमद खानने अगदी शेवटच्या क्षणी केला. भारतीय फुटबॉलच्या इतिहासात हा पराभव कायमचा कोरला गेला आहे.

त्या दिवशी मैदानाबाहेर बसून हा सामना पाहणारे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे एक शाळामास्तर. अशा पराभवानंतर एखाद्या प्रशिक्षकाचे नाव विस्मृतीत जायला वेळ लागत नाही. रहीम यांच्या बाबतीत घडले ते उलटेच. याच माणसाने चार वर्षांनी भारताला ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत नेले आणि दहा वर्षांनी आशियाई सुवर्णपदक पुन्हा मिळवून दिले. हेलसिंकीतील त्या दहा गोलांचा अर्थ त्यांनी कसा लावला, हे समजून घेतल्याशिवाय भारतीय फुटबॉलचा तो सुवर्णकाळ समजत नाही.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी निजामाच्या हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठात शिकत असताना ते उत्तम फुटबॉल खेळत. पुढे त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला आणि हैदराबादेतील वेगवेगळ्या शाळांतून शिकवले. शारीरिक शिक्षणाचाही त्यांनी रीतसर अभ्यास केला. रहीम यांच्यातला प्रशिक्षक हा मुळात वर्गात घडला होता, ही गोष्ट त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत दिसून येते. मुलाला उत्तर सांगून टाकण्यापेक्षा त्याला ते शोधायला लावणारा गणिताचा शिक्षक असतो, तशी त्यांची मैदानावरील पद्धत होती. खेळाडूला काय करायचे ते सांगण्यापेक्षा, ते केल्याशिवाय गत्यंतरच उरणार नाही अशी परिस्थिती ते निर्माण करीत.

याचे उदाहरण म्हणजे त्यांनी हैदराबादेत सुरू केलेल्या आगळ्यावेगळ्या स्पर्धा. एका प्रकारच्या स्पर्धेत चेंडू पायात घोळवत नेण्यास मनाई असे. तो आला की लगेच सहकाऱ्याकडे द्यायचा. दुसऱ्या प्रकारात खेळाडूने आपला कमकुवत पायच वापरायचा. त्या काळात चेंडू पायाशी खेळवत तीन-चार जणांना चकवणारा खेळाडू प्रेक्षकांचा लाडका असे आणि खेळाडूंनाही त्याच टाळ्यांची सवय जडलेली असे. रहीम यांना ही सवय मोडायची होती. चेंडू माणसापेक्षा वेगाने धावतो. तेव्हा माणसाने दमण्यापेक्षा चेंडूला दमवावे, हे साधे तत्त्व या स्पर्धांमागे होते. भारतीय खेळाडू युरोपीय खेळाडूंच्या तुलनेत अंगापिंडाने लहान. धक्काबुक्कीच्या खेळात त्यांचा निभाव लागणे कठीण. चेंडू जितका कमी वेळ पायाशी राहील तितकी टक्कर होण्याची शक्यता कमी, हा त्यातला व्यवहारी हिशेबही होता.

१९४३ मध्ये रहीम यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघाच्या प्रशिक्षणाची धुरा हाती घेतली आणि ती अखेरच्या श्वासापर्यंत सांभाळली. या संघाने देशभरातील नामांकित क्लबांना हादरे दिले. मुंबईकरांना त्याची ओळख झाली ती कूपरेजच्या मैदानावर. देशातील जुन्या आणि मानाच्या स्पर्धांपैकी एक असलेला रोव्हर्स चषक हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. कलकत्त्याच्या बड्या क्लबांचा दबदबा असलेल्या त्या काळात पोलीस खात्यातल्या साध्या जवानांनी मुंबईत येऊन पाच वर्षे चषक घेऊन जावा, ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. १९५० मध्ये याच संघाने ड्युरँड चषकही जिंकला आणि त्याच सुमारास रहीम यांच्याकडे राष्ट्रीय संघाची जबाबदारी आली.

सुरुवात तर स्वप्नवत झाली. मार्च १९५१ मध्ये दिल्लीतील आशियाई स्पर्धेत भारताने इंडोनेशिया आणि अफगाणिस्तान यांना प्रत्येकी ३-० असे हरवले. अंतिम सामन्यात इराणवर १-० अशी मात केली. तो निर्णायक गोल साहू मेवालालचा. शैलेन मन्नांच्या नेतृत्वाखालील या संघाने तीन सामन्यांत एकही गोल स्वीकारला नव्हता. आपला बचाव भक्कम आहे असे कोणालाही वाटावे, अशीच ती कामगिरी होती. पण आशियात जे पुरेसे होते ते युरोपातील अव्वल संघांपुढे किती तोकडे आहे, हे वर्षभरात हेलसिंकीत कळून चुकले.

तो पराभव निव्वळ अनवाणी पायांमुळे किंवा थंडीमुळे झाला, असे मानण्याचा मोह त्या वेळी अनेकांना झाला. त्यात तथ्य नव्हते असे नाही. ओल्या, निसरड्या हिरवळीवर बुटाशिवाय उभे राहणेच अवघड. या पराभवानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. शिवाय त्या काळी आपल्याकडील अनेक स्पर्धांतले सामने पूर्ण ९० मिनिटांचे नसत. त्यामुळे आंतरराष्ट्रीय सामन्याचा शेवटचा टप्पा भारतीय खेळाडूंना नेहमीच जड जाई. परंतु रहीम यांनी या पराभवाचे मूळ अधिक खोलवर शोधले. त्यांच्या मते दोष पायांपेक्षा मांडणीत अधिक होता.

ही मांडणी समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. त्या काळात भारतात सर्रास वापरली जाणारी रचना होती दोन बॅक, तीन हाफ-बॅक आणि पाच फॉरवर्ड अशी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये रुळलेली ही रचना ब्रिटिश पलटणींबरोबर आपल्याकडे आली. तिचा आत्मा आक्रमणाचा होता. पाच जण गोल करण्यासाठी धावत आणि मागे दोघेच राखण करीत. जुन्या ऑफसाइड नियमामुळे हे दोघे पुरेसे ठरत, कारण आक्रमक खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे किमान तिघे असणे बंधनकारक होते. १९२५ मध्ये ही संख्या दोनवर आली आणि सारा हिशेब बदलला. फॉरवर्डना मोकळीक मिळाली, गोलांचा पाऊस पडू लागला. यावर उपाय म्हणून इंग्लंडमध्ये आर्सेनलचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या हाफ-बॅकला मागे ओढून तिसरा बॅक केला आणि दोन फॉरवर्डनाही थोडे मागे घेतले. कागदावर आखली तर इंग्रजीतील डब्ल्यू आणि एम या अक्षरांसारखी दिसणारी ही रचना पुढे युरोपभर पसरली.

भारतात मात्र, विशेषतः कलकत्त्याच्या मैदानावर, दोन बॅकांची जुनी रीत टिकून राहिली. स्थानिक स्पर्धांत ती खपूनही जात होती, कारण समोरचा संघही त्याच पद्धतीने खेळत असे. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या. हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने दोन बॅकांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यातून वारंवार मुसंडी मारली तेव्हा ती सोय संपली. याच युगोस्लाव्हियाने पुढच्या फेरीत सोव्हिएत संघाशी ५-५ अशी बरोबरी साधली, मग फेरसामन्यात त्याला हरवले आणि अखेर रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक पटकावले ते हंगेरीने. गुस्ताव सेबेश यांच्या या हंगेरी संघाने पुढे नोव्हेंबर १९५३ मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ असे लोळवून साऱ्या फुटबॉलविश्वाला धक्का दिला.

हंगेरीची किमया एका खेळाडूच्या जागेत दडलेली होती. त्यांचा सेंटर फॉरवर्ड नांदोर हिदेकुटी पुढे न थांबता मागे सरकून मधल्या फळीत खेळे. त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या बचावपटूपुढे मोठाच पेच उभा राही. त्याच्यामागे जावे तर गोलपुढची जागा उघडी पडते. जागेवर थांबावे तर हिदेकुटीला मोकळे रान मिळते. वेम्ब्लीवर हिदेकुटीने तीन गोल केले. संघ आक्रमक आहे की बचावात्मक, हे पुढे किती जण उभे आहेत यावरून ठरत नाही, ही या सामन्याची मोठी शिकवण होती. चेंडू मिळताच किती जण पुढे येऊ शकतात आणि गमावताच किती जण मागे पोहोचतात, यावर ते ठरते.

रहीम हे हैदराबादेत बसून जगातल्या या घडामोडींचा बारकाईने मागोवा घेत होते. दूरचित्रवाणीचे ते दिवस नव्हते. परदेशी संघांचा प्रत्यक्ष खेळ, छापून आलेला मजकूर आणि स्वतःचे निरीक्षण एवढीच साधने. त्यांच्या बळावर त्यांनी राष्ट्रीय संघात टप्प्याटप्प्याने तीन बॅकांची पद्धत आणली. सेंटर फॉरवर्डला मागे खेचून खेळवण्याचे प्रयोग केले. पुढे चार बचावपटू, दोन मधले आणि चार आक्रमक अशा रचनेकडे ते वळले. १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलने हीच रचना जगप्रसिद्ध केली.

या बदलांना विरोध झाला नसता तरच नवल. बॅक वाढवणे म्हणजे आक्रमणाची धार बोथट करणे, ही समजूत आपल्याकडे घट्ट होती. हल्ला करणारा संघ तो शूर आणि मागे राहणारा तो भित्रा, असा सरळ हिशेब प्रेक्षकांच्या मनात होता. रहीम यांची दृष्टी वेगळी होती. त्यांच्या लेखी तिसरा बॅक ही भीतीपोटी केलेली तटबंदी नव्हती. पाठीमागची बाजू सुरक्षित आहे याची खात्री असेल तरच विंगर आणि हाफ-बॅक निर्धास्तपणे पुढे झेपावू शकतात. बचाव हा आक्रमणाचा पाया आहे, त्याचा पर्याय नाही, हे त्यांच्या विचाराचे सार होते.

या विचाराची पहिली मोठी कसोटी लागली ती १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये. समर तथा बद्रू बॅनर्जी कर्णधार होते. पी. के. बॅनर्जी, कन्नन, किट्टू, तुलसीदास बलराम अशी तरुण मंडळी संघात होती आणि गोलरक्षकांत पीटर थंगराज व मुंबईचा एस. एस. नारायण होते. आघाडीचा भाला होता नेव्हिल डिसूझा. गोव्यातील आसगावचा हा खेळाडू मुंबईत टाटांच्या संघातून खेळे. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्याने भारताची गाठ थेट यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. १ डिसेंबर १९५६ रोजी झालेल्या त्या सामन्यात नेव्हिलने तीन गोल केले, किट्टूने चौथा केला आणि भारताने ४-२ असा विजय मिळवला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू ठरला.

उपांत्य फेरीत समोर पुन्हा युगोस्लाव्हिया होता. चार वर्षांपूर्वीच्या जखमेवरची खपली निघावी असाच हा योग. मध्यंतरापर्यंत भारताने एकही गोल होऊ दिला नाही. ५२ व्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि भारत चक्क १-० असा पुढे गेला. ऑलिम्पिकची अंतिम फेरी अवघ्या ३८ मिनिटांवर होती. पण दोनच मिनिटांत युगोस्लाव्हियाने बरोबरी साधली आणि पुढच्या अकरा मिनिटांत आणखी दोन गोल चढवले. नंतर एक स्वयंगोलही झाला आणि सामना ४-१ असा हातचा गेला. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला ३-० असे नमवले. भारत चौथा आला. चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्तपणे अव्वल ठरला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये भारताची ही आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे.

आघाडी मिळाल्यानंतरची ती तेरा मिनिटे भारतीय फुटबॉलच्या जाणकारांना पुढे बराच काळ छळत राहिली. गोल झाल्यावर मागे सरकून वेळ काढावा, की त्याच त्वेषाने पुढे जावे, हा कोणत्याही राष्ट्रीय संघापुढचा सनातन प्रश्न. याचे तयार उत्तर कोणत्याही आराखड्यात नसते. ते खेळाडूंच्या दमसासावर, अनुभवावर आणि परस्परविश्वासावर अवलंबून असते. क्लब संघ वर्षभर एकत्र खेळतो. राष्ट्रीय संघाला त्यासाठी मोजकेच आठवडे मिळतात. म्हणूनच जगभरातील कितीतरी राष्ट्रीय संघ बचावाचा सोपा मार्ग पत्करतात, कारण बचाव थोड्या दिवसांत बसवता येतो; आक्रमणातील सूर जुळायला वर्षे लागतात. रहीम यांनी ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली. तेच ते खेळाडू वर्षानुवर्षे एकत्र राहतील अशा बेताने त्यांनी तरुणांची निवड केली आणि त्यांना दीर्घ शिबिरांत घडवले.

या निवडीत त्यांची शिक्षकी नजर पुन्हा उपयोगी पडली. सिकंदराबादजवळच्या गरीब वस्तीत वाढलेल्या बलरामला त्यांनीच हेरले. सरावाला येण्यासाठी सायकल भाड्याने घेता यावी म्हणून रहीमसाहेब पैसे देत, ही आठवण बलराम म्हातारपणीही सांगत. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि बलराम हे त्रिकूट रहीम यांच्या तालमीत बहरले. उजवीकडून पी. के.चा वेग आणि जोरकस फटका, मध्ये चुनीचे चेंडूवरील प्रभुत्व आणि डावीकडे बलरामची चतुराई. तिघांच्याही स्वभावातले आक्रमण रहीम यांनी दाबले नाही, मात्र त्याला शिस्तीची चौकट दिली.

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये या मेहनतीचे मोजमाप झाले. पदक मिळाले नाही. गटात भारत शेवटचा राहिला. तरीही निकाल नीट वाचले तर वेगळेच चित्र दिसते. फ्लोरियन अल्बर्टसारखा खेळाडू असलेल्या हंगेरीला भारताविरुद्ध २-१ असाच विजय मिळवता आला. फ्रान्सविरुद्ध कर्णधार पी. के.च्या गोलमुळे भारत पुढे होता. अखेरच्या दहा मिनिटांत फ्रान्सने बरोबरी साधली आणि सामना १-१ असा सुटला. पेरूने मात्र ३-१ असे हरवले. दहा गोल खाणारा संघ आठ वर्षांत युरोपातील अव्वल संघांशी एका गोलच्या फरकाने झुंजू लागला होता. या संघात रहीम यांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम हाही होता. पुढे हवाई दलात अधिकारी आणि फुटबॉलचा आंतरराष्ट्रीय पंच म्हणून त्याने नाव मिळवले.

रोमहून परतल्यावर रहीम यांच्या प्रकृतीने दगा द्यायला सुरुवात केली. फुफ्फुसाच्या कर्करोगाने त्यांना ग्रासले होते. तशाही अवस्थेत १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेची तयारी त्यांनी अंगावर घेतली. ही आपली अखेरची मोठी स्पर्धा असेल, याची जाणीव त्यांना असणारच. संघाचे नेतृत्व चुनी गोस्वामीकडे होते. बचावात जर्नेलसिंग आणि अरुण घोष होते. गोव्याच्या कोलवाळचा आणि मुंबईत टाटांकडून खेळणारा फॉर्च्युनाटो फ्रँको मधल्या फळीत होता. मुंबईच्या कॅलटेक्स संघाचा बॅक ओ. चंद्रशेखरही त्या संघात होता.

जकार्तातील वातावरण भारतीयांना अजिबात अनुकूल नव्हते. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. या स्पर्धेला मग आशियाई स्पर्धा म्हणता येणार नाही, अशी भूमिका भारताचे ज्येष्ठ क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी घेतली. त्यावरून यजमान देशात संतापाची लाट उसळली. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. भारतीय खेळाडूंना उघडपणे फिरणेही अवघड झाले.

त्यात पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. पुढच्या सामन्यात थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला खरा, पण त्याची किंमत मोठी होती. बचावाचा कणा असलेल्या जर्नेलसिंगच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली आणि टाके घालावे लागले. त्यानंतर जपानला २-० असे नमवून भारताने उपांत्य फेरी गाठली. आता प्रश्न होता तो जर्नेलचा. जखमी डोक्याने तो स्टॉपर म्हणून उभा राहू शकत नव्हता, कारण त्या जागेवर हवेतून येणारा प्रत्येक चेंडू डोक्याने परतवावा लागतो. त्याला बाहेर बसवणे हा सरळ मार्ग होता. संघाची बचावाची ताकद घटली की मागे आणखी माणसे उभी करणे, हाही रूढ उपाय होता.

रहीम यांनी या दोन्ही वाटा नाकारल्या. संघातल्या सर्वोत्तम बचावपटूला त्यांनी सेंटर फॉरवर्डच्या जागी पाठवले. त्याच्या जागी अरुण घोषला बचावाच्या मध्यभागी आणले. वरवर पाहता हा जुगार होता. पण त्यामागचा विचार पक्का होता. जर्नेल धिप्पाड, निर्भय आणि धडक देणारा. महाविद्यालयीन दिवसांत तो पुढच्या फळीतही खेळलेला होता. पुढे खेळताना कोणता चेंडू डोक्याने घ्यायचा आणि कोणता सोडायचा, हे ठरवणे त्याच्या हाती राहणार होते. शिवाय प्रतिस्पर्ध्याचे बचावपटू त्याच्याभोवती गुंतून पडले की पी. के., चुनी आणि बलराम यांना मोकळी जागा मिळणार होती. हिदेकुटीला मागे नेऊन हंगेरीने जे साधले, तेच रहीम यांनी एका बॅकला पुढे नेऊन साधायचे ठरवले.

उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध चुनीने दोन आणि जर्नेलने एक गोल केला. भारत ३-२ असा जिंकला. अंतिम लढत होती पुन्हा दक्षिण कोरियाशी, पहिल्या सामन्यात दोन गोलांनी हरवणाऱ्या संघाशी. ४ सप्टेंबर १९६२ रोजी सेनायन स्टेडियमवर सुमारे एक लाख प्रेक्षक जमले होते आणि जवळजवळ सारे भारताच्या विरोधात होते. राष्ट्रगीताच्या वेळीही गोंगाट थांबला नाही. आजारातून उठलेला थंगराज गोलमध्ये परतला होता. आदल्या रात्री रहीम यांनी खेळाडूंना एकत्र बोलावून आपल्यासाठी हे सुवर्णपदक मागितले, असे त्या संघातील खेळाडू पुढे सांगत.

सामना सुरू झाला आणि भारताने हल्ल्यानेच सुरुवात केली. १७ व्या मिनिटाला पी. के.ने पहिला गोल केला. तीनच मिनिटांनी दुसरा गोल झाला. तो करणारा होता डोक्याला टाके घातलेला जर्नेलसिंग. मेलबर्नला आघाडीनंतर जे निसटले होते ते या वेळी निसटू द्यायचे नाही, हे संघाच्या खेळात दिसत होते. बचाव फळी घट्ट राहिली आणि तरीही प्रतिहल्ले थांबले नाहीत. कोरियाला पहिला गोल करायला ८५ वे मिनिट उजाडावे लागले. भारत २-१ असा जिंकला. हेलसिंकीत मैदानाबाहेर बसून दहा गोल मोजणारा माणूस जकार्तात सुवर्णपदकाचा धनी झाला होता.

हे सुख फार काळ लाभायचे नव्हते. परतल्यानंतर आजार बळावत गेला. ११ जून १९६३ रोजी वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी रहीम यांचे निधन झाले. जकार्ताच्या विजयाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. त्यांच्या मागे उरलेल्या संघाने १९६४ च्या आशिया चषकात उपविजेतेपद मिळवले. १९७० मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने कांस्यपदक जिंकले. त्यानंतर मात्र उतरण लागली. आशियाई स्पर्धेचे फुटबॉल सुवर्णपदक भारताला पुन्हा कधीच मिळाले नाही आणि १९६० नंतर ऑलिम्पिकच्या फुटबॉल मैदानावर भारतीय संघ दिसलाच नाही.

या घसरणीची कारणे अनेक आहेत. जपान, कोरिया यांनी ज्या नेटाने आपले फुटबॉल उभारले तसा नेट आपल्याकडे राहिला नाही. प्रशासकीय अनास्था, तोकड्या सुविधा, क्रिकेटची वाढती लोकप्रियता हे सारे आहेच. पण त्यात एक कारण वैचारिकही आहे. रहीम यांच्यानंतर भारतीय संघाची रचना अनेकदा समोरच्या संघाच्या भीतीवर बेतली गेली. बलाढ्य प्रतिस्पर्धी दिसला की दहा जणांनी मागे जायचे आणि पराभवाचे अंतर कमी झाले की समाधान मानायचे, ही वृत्ती बळावली. हेलसिंकीनंतर रहीम यांनाही हाच मार्ग खुला होता. दहा गोल खाल्लेल्या प्रशिक्षकाने पुढची दहा वर्षे केवळ गोल वाचवण्यात घालवली असती तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी तसे केले नाही. बचाव नीट बांधला, तो पुढे जाता यावे म्हणून.

१९५६ च्या संघातील नेव्हिल डिसूझा १९८० मध्ये गेला. पी. के. बॅनर्जी आणि चुनी गोस्वामी २०२० मध्ये, हकीम आणि फ्रँको २०२१ मध्ये, तर बलराम २०२३ मध्ये काळाच्या पडद्याआड गेले. रहीम यांना प्रत्यक्ष पाहिलेल्यांची पिढी अशी सरत आली. २०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे त्यांचे नाव नव्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचले, ही समाधानाची बाब. चित्रपटाने त्यांच्या आयुष्यातले नाट्य दाखवले. त्यांच्या कार्याचे खरे मोल मात्र त्या नाट्यापेक्षा हैदराबादच्या मैदानांवरील शांत, चिकाटीच्या कामात आहे. कमकुवत पायानेच खेळा, चेंडू आला की लगेच पुढे द्या, असे सांगत मुलांना घडवणाऱ्या एका शाळामास्तराने देशाच्या फुटबॉलला विचार करायला शिकवले होते. तो धडा पुढच्या वर्गांत गिरवला गेला नाही, ही उणीव भारतीय फुटबॉलला आजही जाणवते आहे.